घर घेताना आधीच काय बघावं, म्हणजे पुढे जप्तीची वेळ येणार नाही?

रानजाई
नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात भाड्याच्या घरात राहतो, लेक दुसरीत आहे. नवऱ्याचा हातात येणारा पगार ६५,००० आणि माझा ४५,०००. बांधकाम चालू असलेल्या एका प्रकल्पात दोन बेडरूमचा फ्लॅट पाहिलाय, किंमत ७५ लाख. बँक ६० लाख द्यायला तयार आहे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता येतो ५२,०६९. आमचे साठवलेले २६ लाख आहेत. बिल्डरच्या ऑफिसातले म्हणतात, "मॅडम, आरामात बसतंय." बँकेचा एजंटही तेच म्हणतो.

पण पेपरातल्या ताबा सूचना माझ्या नजरेतून सुटत नाहीत. बारीक अक्षरात कर्जदाराचं नाव, त्याखाली सहकर्जदार म्हणून बायकोचं किंवा आईचं, मग फ्लॅट नंबर, चतुःसीमा आणि थकलेली रक्कम. ही सगळी माणसं काही उधळी नसणार. त्यांचंही कागदावर आरामातच बसलं असेल.

म्हणून विचारते. सही करण्याआधीच काय काय तपासलं तर ही वेळ टळते? उत्पन्नाच्या अमुक टक्के हप्ता ठेवा, एवढं नकोय. विचार कसा करायचा ते सांगा. ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी तर जरूर लिहा.

आकडेमोड
ताई, हप्त्याकडे नंतर येऊ. आधी चावी मिळेल त्या दिवशी तुमच्या हातात किती उरतं ते बघू.

कर्ज ३० ते ७५ लाखांच्या दरम्यान असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळतं. म्हणजे १५ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क, नोंदणी हा खर्च त्या किमतीत धरत नाहीत, तोही तुमचाच. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के धरा, ५ लाख २५ हजार. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, ३ लाख ७५ हजार. बेरीज २४ लाख ३० हजार.

२६ मधून ते गेले की उरले १ लाख ७० हजार. त्यातून पंखे, किचनची ट्रॉली, ग्रिल, सोसायटीची आगाऊ वर्गणी. म्हणजे राहायला जाल त्या दिवशी बँकेत जवळजवळ काहीच नसेल आणि हप्ता मात्र ५२ हजारांचा. कर्ज थकण्याची सुरुवात पुष्कळदा इथेच होते, फक्त ती दिसायला दोनतीन वर्षं लागतात.

सह्यकडा
मला थोडं वेगळं वाटतं. इतका विचार केला तर घर कधीच होत नाही. आमच्या पिढीतल्या सगळ्यांनी ताणूनच घरं घेतली. पहिली तीन वर्षं ओढाताण होते, मग पगार वाढतात आणि हप्ता तेवढाच राहतो. आज ५२ हजार जड वाटतात, सात वर्षांनी काहीच वाटणार नाहीत. शिवाय घराच्या किमती थांबून राहत नाहीत.

आकडेमोड
सह्यकडा, "हप्ता तेवढाच राहतो" हे बदलत्या व्याजदराच्या कर्जात खरं नाही. आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं तशीच असतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी कर्जं रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे उसने देते तो) बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. अडीच टक्के वाढ, तीही वर्षभराच्या आत.

२०२१ मध्ये कोणी साडेसहा टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ५० लाख घेतले असतील तर हप्ता ३७,२७९. वर्षभर भरल्यावर शिल्लक साधारण ४८ लाख ७४ हजार. आता दर ९ टक्के झाला. महिन्याचं व्याजच ३६,५५५. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जातात ७२४ रुपये. असंच चाललं तर कर्ज फिटायला आणखी ४० वर्षांहून जास्त लागतील. मूळ मुदतीत फेडायचं तर हप्ता साधारण ४४,७०० करावा लागतो, म्हणजे महिन्याला सव्वासात-साडेसात हजार जास्त.

तेव्हा कित्येकांना हे माहीतही नव्हतं, कारण बँकांनी हप्ता न वाढवता मुदत ताणली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे कर्जदाराला विचारा. मागून दर उतरलेही, पण मधली वर्षं तर काढावीच लागली ना?

तेव्हा सही करण्यापूर्वी हप्ता आजच्या दराने काढा आणि अडीच टक्के चढवूनही काढा. दुसरा आकडा झेपत नसेल तर पहिलाही झेपत नाही.

चिंचबन
बाप रे. ७२४ रुपये! आत्ताच नवऱ्याला स्टेटमेंट काढायला लावलं.

जुनाबँकर
मी राष्ट्रीयीकृत बँकेत होतो, शेवटची काही वर्षं वसुली विभागात. रानजाई म्हणतात ते खरं आहे, उधळी माणसं फार थोडी होती. मी जे वारंवार पाहिलं ते सांगतो.

मूळ गृहकर्जामुळे बुडालेलं घर मी क्वचित पाहिलं. बुडवतं ते नंतर चढत गेलेलं कर्ज. क्रम बहुतेक वेळा एकच. घर घेतलं आणि हाताशी शिल्लक उरली नाही. वर्षभरात कोणाचं तरी ऑपरेशन झालं किंवा नोकरीत दोनतीन महिन्यांचा खंड पडला. हप्ता चुकू नये म्हणून क्रेडिट कार्डावरून घरखर्च सुरू झाला. कार्डाचं व्याज जड झालं म्हणून वैयक्तिक कर्ज काढलं. ते फेडायला घरावर टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावर वाढीव कर्ज घेतलं, कारण त्याचा दर कमी. मग बायकोच्या पाटल्या आणि गंठण गहाण. बँकेच्या दृष्टीने हा माणूस दोन वर्षं उत्तम कर्जदार असतो, एकही हप्ता चुकलेला नसतो. चुकतो तेव्हा एकदम तीन चुकतात, कारण विकायला किंवा गहाण ठेवायला काही उरलेलंच नसतं.

म्हणून माझ्या लेखी पहिला प्रश्न "किती कर्ज मिळेल" हा नव्हेच. पगार पूर्ण थांबला तर हप्ता आणि घरखर्च किती महिने निघेल, हा आहे. सहा महिने निघत असेल तर घ्या. दोन महिने निघत असेल तर अजून थांबा किंवा लहान घर बघा. ही रक्कम घराच्या किमतीत धरा, घर घेऊन उरली तर ठेवू असं नको. आणि ती एफडीत असू द्या, म्युच्युअल फंडात नको. मंदीत नोकरी जाते त्याच वेळी बाजारही पडलेला असतो.

दुसरं, टॉप-अपचे फोन येतील. हप्ते वेळेवर भरणाऱ्यालाच ते येतात. लग्न, गाडी, शेअर बाजार यांसाठी घरावर टॉप-अप घेऊ नका. गाडीचं कर्ज थकलं तर गाडी जाते. तीच गाडी टॉप-अपमधून घेतली असेल तर घर जातं.

पागोळी
जुनाबँकर काकांचा प्रतिसाद छापून लग्नात आहेर म्हणून द्यायला हवा. मिक्सर सगळेच देतात. :)

माझ्या चुलत भावाचं सांगते. पगार चांगला, पण त्यातला तिसरा हिस्सा वर्षाअखेरीला मिळणारा, कंपनीच्या कामगिरीवर अवलंबून. एजंटने तोही उत्पन्नात धरून पात्रता वाढवून घेतली. पुढच्या वर्षी कंपनीने तो भाग दिलाच नाही. नोकरी शाबूत होती, तरी हप्ता ओढता येईना. शेवटी काकांनी गावाकडची जागा विकून मुद्दल कमी केलं तेव्हा निभावलं. ज्यांच्या मागे अशी जागा नसते त्यांचं काय होत असेल?

बोनस, इन्सेंटिव्ह, ओव्हरटाइम, कंपनीचे शेअर, यांतलं काही हप्त्याच्या हिशेबात घेऊ नये. आले तर मुद्दलात भरावे.

मोगरा
+१. आणि बदलत्या दराच्या गृहकर्जात मधेच पैसे भरले म्हणून बँक दंड लावू शकत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

सह्यकडा
आकडेमोड, तुमचा मुद्दा पटला, दर वाढीचा हिशेब मी धरला नव्हता. तरी मुदतीबद्दल माझं मत कायम आहे. तीस वर्षांची मुदत घ्यावी, हप्ता कमी बसतो आणि जमेल तसे जास्तीचे भरता येतात. ६० लाखांना तीस वर्षांचा हप्ता ४६,१३५ येतो. महिन्याला सहा हजारांचा श्वास मिळतो.

आकडेमोड
सवड म्हणून घेतलीत तर चांगलं आहे, मी विरोध करणार नाही. अडचण अशी की "सहा हजार कमी" दिसले की लोक तेवढ्यात मोठं घर बसवतात. शिवाय ३५ व्या वर्षी तीस वर्षांचं कर्ज म्हणजे निवृत्तीच्या पुढेही हप्ते. मुदत लांब घ्यायची तर घर तेच ठेवा आणि वाचलेले सहा हजार दुसऱ्या खात्यात वळते करा.

तळटीप
मी वकील आहे, बँकांच्या वसुलीची प्रकरणं दोन्ही बाजूंनी चालवते. कर्ज थकल्यावर नेमकं काय होतं हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण लोक वेळ घालवतात तो भीतीपोटी.

हप्त्याची तारीख उलटली की पहिल्या ३० दिवसांत खातं बँकेच्या नोंदीत एसएमए-० होतं, म्हणजे थकण्याच्या इशाऱ्याची पहिली पायरी, मग एसएमए-१, मग एसएमए-२. ९० दिवस ओलांडले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. या ९० दिवसांत बँकेकडे मार्ग असतात: मुदत वाढवणं, काही महिने हप्ता कमी करणं. या काळात शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, पगार बंद झाल्याचं पत्र किंवा हॉस्पिटलची कागदपत्रं जोडा, पोच घ्या. फोन बंद करून बसू नका. एकदा एनपीए झालं की एखादा हप्ता भरून खातं पूर्ववत होत नाही, सगळी थकबाकी भरावी लागते.

त्यानंतर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे खटला न भरता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या २००२ च्या कायद्याखाली, कलम १३(२) ची नोटीस येते. ती नुसत्या थकलेल्या हप्त्यांची नसते, सगळ्या कर्जाची असते, मुदत ६० दिवस. तिला लेखी आक्षेप घेता येतो आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पैसे भरले नाहीत तर कलम १३(४) खाली ताबा. आधी बहुतेक वेळा सांकेतिक, म्हणजे दारावर नोटीस चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. रानजाई वाचतात त्या ह्याच. तिथपासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते.

सगळ्यात जास्त गैरसमज पुढच्या गोष्टीबद्दल आहे. लिलाव होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येतं असं लोक धरून चालतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तो हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ते स्पष्ट केलंय. आणि लिलावात कमी पैसे आले तर उरलेलं कर्ज तुमच्याच डोक्यावर राहतं. जास्त आले तर वरचे पैसे तुम्हाला परत मिळायला हवेत, ते मागून घ्या.

शेतबांध
तळटीप ताई, हे सहकारी बँकांनाही लागू आहे का? आमच्या तालुक्यात सगळी कर्जं तिथूनच होतात. आणि शेतजमीनही अशीच जाते का?

तळटीप
सहकारी बँकांना लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल आहे. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे. याचा अर्थ तिच्यावरच्या कर्जाची वसुलीच होत नाही असा नाही, ती वेगळ्या मार्गाने होते.

शेतबांध
धन्यवाद. पगारदारांचं सगळं आलं, आमच्यासारख्यांचं लिहितो. माझं कृषी औषधांचं दुकान आहे. उत्पन्न येतं ते हंगामात, हप्ता येतो दर महिन्याला. पाऊस लांबला की उधारी अडकते. बँक तीन वर्षांचे रिटर्न बघून सरासरी काढते आणि त्यावर हप्ता ठरवते. सरासरीवर पोट भरत नाही. मी घर बांधताना तीन वर्षांतलं सगळ्यात वाईट वर्ष धरलं आणि त्यातल्या वाईट महिन्यांत किती भरता येईल त्यावरून कर्ज ठरवलं. बँक देत होती त्याच्या निम्म्याहून कमी घेतलं, वरचा मजला पुढे बांधला. आणि दुकानाच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जाला, राहतं घर तारण देऊ नका. बँकवाले आग्रह करतात, दर थोडा कमी होतो म्हणतात. धंद्यातलं एक वर्ष वाईट गेलं की चूल त्यात ओढली जाते.

जुनाबँकर
शेतबांध, शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत राहतं घर असं धंद्याच्या कर्जात अडकलेलं पुष्कळ असायचं, आणि घरातल्या बाईला सही कशावर केली हेच माहीत नसायचं.

मोगरा
ह्यावर मला बोलायचंच होतं. सहकर्जदार म्हणून सही म्हणजे निम्म्या कर्जाची जबाबदारी नव्हे, पूर्ण कर्जाची. नवऱ्याने हप्ता चुकवला तर सिबिल दोघांचंही बिघडतं. आणि कर्जात नाव आहे म्हणून घरात हिस्सा आहे असं नसतं. करारनाम्यात नाव आहे का ते बघा. माझी एक मैत्रीण फक्त कर्जात होती, करारनाम्यात नव्हती. वेगळं व्हायची वेळ आली तेव्हा हप्त्याच्या नोटिसा तिला येत होत्या आणि घर त्याच्या एकट्याच्या नावावर. बायांनो, दोन्ही कागद मागून घेऊन वाचा, रजिस्ट्रारकडे जायच्या आधी.

दूरदेशी
मी अमेरिकेत राहते. इथे २००८ च्या आधी अशी कर्जं सर्रास विकली गेली की पहिली दोन वर्षं हप्ता कमी आणि मग एकदम वर. घराची किंमत वाढतच जाणार, तेव्हा दुसरं कर्ज काढून हे फेडू, यावर सगळा डोलारा उभा होता. किमती पडल्या आणि तो मार्ग बंद झाला. "किमती थांबत नाहीत" हे वाक्य इथेही सगळे म्हणायचे.

आता इथे कर्जाचा अंतिम तक्ता सह्यांच्या किमान तीन कामाचे दिवस आधी हातात द्यावाच लागतो. आणि घर घेणाऱ्यांसाठी किंवा हप्ते थकलेल्यांसाठी सरकारमान्य सल्लागार संस्था असतात, थकलेल्यांना सल्ला फुकट मिळतो. आपल्याकडे निदान कर्ज विकणारा सोडून दुसऱ्या कोणाला तरी कागद दाखवायचे, एवढं तरी प्रत्येकाने करावं.

आकडेमोड
दूरदेशी, आपल्याकडेही १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या सगळ्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' सक्तीचं झालंय. व्याज, प्रक्रिया शुल्क, विमा असं सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते त्यात असतं. दोन बँकांकडून मागवून शेजारी ठेवा. कर्जाच्या जोडीला विमा चिकटवलेला असतो, एकरकमी हप्ता कर्जातच घालतात आणि त्यावर वीस वर्षं व्याज भरायचं. तो बँकेकडूनच घ्यायला हवा असं बंधन नाही. साधा टर्म विमा बाहेरून घ्या, पण घ्या नक्की. कमावता माणूस गेल्यावर घर जाणं हे सगळ्यात क्रूर.

भ्रमर
एवढा खटाटोप करण्यापेक्षा जन्मभर भाड्याने राहावं. ७५ लाखांच्या घराला २० हजार भाडं, आणि हप्ता ५२ हजार. मधले ३२ गुंतवा.

चिंचबन
भ्रमर, दर अकरा महिन्यांनी सामान बांधून मुलांच्या शाळा बदलून बघा, मग सांगा. भाडं-विरुद्ध-घर यावर वेगळा धागा आहेच, इथे नको. रानजाईला घर घ्यायचंय.

पागोळी
बांधकाम चालू असलेल्या घराबद्दल कोणी बोललंच नाही! ताबा मिळेपर्यंत भाडंही चालू आणि बँकेने दिलेल्या रकमेवरचं व्याजही. दोन वर्षांचं चार वर्षं झालं की कंबरडं मोडतं. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका, पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकललीय ते दिसतं, प्रकल्पावर बोजा आहे का तेही. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. ताबा लांबला तर रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याज किंवा पैसे परत मागता येतात. पण निकाल लागेपर्यंत बँकेचे हप्ते चुकवून चालत नाही, बँकेला बिल्डरचं भांडण सांगता येत नाही.

"ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू" अशा योजनांपासून लांब राहा. कर्ज तुमच्या नावावर असतं. बिल्डरने भरणं थांबवलं की बँक तुमच्या दारात येते.

जुनाबँकर
एक सुचवतो रानजाई. घर घेण्याआधी हप्त्याची रंगीत तालीम करा. आज भाडं जातं तेवढं जाऊ द्या आणि हप्ता अधिक मेंटेनन्समधून भाडं वजा करून उरेल ती रक्कम दर महिन्याला पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीत टाका. काही महिने करून बघा, त्यात शाळेची फी आणि सणवार येऊ देत. ठेव मोडावी लागली तर उत्तर मिळालं. नाही मोडावी लागली तर घराला तेवढी भर पडली.

आणि एका पगारावर हप्ता निघतो का तेही बघा. ६५ मधून ५२ गेले तर १३ हजारांत तीन माणसं पुण्यात कशी राहतील?

कोकणकन्या
सगळा धागा वाचला. माझे बाबा या वेळेला तोंड देताहेत, म्हणून एक भर घालते. हप्ता आता झेपतच नाही हे कळलं की घर स्वतः विकणं हा पराभव मानू नका. बँकेला सांगून, बँकेच्या संमतीने ग्राहक शोधला तर बाजारभाव मिळतो. लिलावात राखीव किमतीच्या आसपासच बोली येते, शिवाय नोटिसांचा, वकिलाचा, लिलावाचा खर्च कर्जात चढतो. आम्ही भाऊ-बहिणी मिळून बाबांना तयार करतोय. बाबा म्हणतात, लोक काय म्हणतील. पण लोकांना नोटीस दारावर दिसणारच आहे.

जुनाबँकर
कोकणकन्या, अगदी योग्य करताय. प्रत्यक्ष ताब्याच्या दिवशी मी हजर असायचो. पोलीस, पंच, एकेका वस्तूची यादी, कपाटातल्या देवाच्या टाकांपर्यंत, मग कडीला कुलूप आणि त्यावर सही-शिक्क्याची कागदी पट्टी. बाबांना तिथवर जाऊ देऊ नका. आज बाजारभावाने विकलं तर कर्ज फिटून भाड्याच्या अनामतीचे तरी पैसे उरतील. बँकेकडून आजच्या तारखेचं येणं लेखी मागून घ्या, म्हणजे ग्राहकाशी बोलणं सोपं होतं. वसुलीवाले त्रास देत असतील तर सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना फोन करता येत नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

तळटीप
कोकणकन्या, नोटिशीची तारीख मला निरोपातून कळवा. आक्षेपाची मुदत शिल्लक असेल तर मसुदा मी बघून देते, फी नको.

कोकणकन्या
तळटीप ताई, निरोप पाठवलाय. काय बोलू, खूप आधार वाटला.

रानजाई
मंडळी, बरेच दिवसांनी लिहितेय. काकांनी सांगितलेली तालीम केली. गणपती आणि लेकीच्या फीचा महिना एकत्र आला आणि ठेव मोडावी लागली. नवरा आधी "होईल गं" म्हणत होता, त्याने स्वतःच तो फ्लॅट सोडायचं ठरवलं.

आता एक पुनर्विक्रीचा फ्लॅट पाहिलाय. इमारत बारा वर्षं जुनी, भोगवटा प्रमाणपत्र आहे, ऑफिस थोडं लांब पडतं, लिफ्ट एकच. किंमत ५८ लाख. कर्ज ४२ लाख घ्यायचं म्हणतोय, हप्ता ३६,४४८. जीएसटी नाही. आमचे १६ लाख, मुद्रांक शुल्क ४ लाख ६ हजार आणि नोंदणी ३० हजार, म्हणजे २६ मधून साधारण साडेपाच लाख हातात राहतात, दलाली आणि रंगरंगोटी धरून पाच. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर हप्ता गेल्यावर २८ हजार उरतात. अडीच टक्के दर वाढवून धरला तरी हप्ता ४३ हजारांच्या थोडा वर जातो, दोन पगारांत बसतो. करारनाम्यात दोघांची नावं.

आता पुनर्विक्रीत काय बघायचं तेवढं सांगा.

सह्यकडा
रानजाई, अभिनंदन! सुरुवातीला मी जोर लावत होतो, पण हा हिशेब माझ्याहून पक्का आहे. लिफ्टच्या देखभालीचा करार कधी संपतो आणि इमारतीची मोठी दुरुस्ती निघालीय का ते सोसायटीच्या मागच्या सभांच्या इतिवृत्तात बघा. एकदम दोनतीन लाखांची वर्गणी निघाली तर तुमची गंगाजळी तिथेच जाईल.

तळटीप
विकणाऱ्याचं कर्ज चालू आहे का ते आधी. मूळ कागद बँकेत असतील तर बँकेकडून येणे रकमेचं पत्र घ्या आणि तुमच्या कर्जातली ती रक्कम थेट त्या बँकेतच जाऊ द्या, विकणाऱ्याच्या हातात नको. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे. ती पायरी लेखी ठरवून घ्या. सेरसाईवर, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीवर, फी भरून शोध घेता येतो, फ्लॅटवर आणखी कोणाचं तारण नोंदलंय का ते कळतं. सूची २ (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) काढून मालकीची साखळी जुळवा. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला, मूळ भागपत्र (शेअर सर्टिफिकेट), आणि जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावावर झालंय का तेही विचारा. हस्तांतरणाचं प्रीमियम महापालिका हद्दीत २५,००० पेक्षा जास्त मागता येत नाही.

जुनाबँकर
पाच लाखांपैकी तीन लाखांची एफडी हप्त्याच्या खात्यापेक्षा वेगळ्या बँकेत ठेवा.

रानजाई
वेगळ्या बँकेत का काका?

जुनाबँकर
हप्ता थकला तर कर्ज देणारी बँक त्याच बँकेतल्या तुमच्या ठेवीतून वळते करून घेऊ शकते. नोकरी गेलेल्या महिन्यात आधी औषधं आणायची की हप्ता भरायचा, हे तुमच्या हातात राहू दे.

रानजाई
हे डोक्यातच आलं नसतं. सोमवारी सोसायटीच्या सेक्रेटरींची वेळ घेतलीय, इतिवृत्त आणि दाखला मागते. मंजुरीपत्र आणि फॅक्ट स्टेटमेंट आलं की नावं झाकून इथे टाकते, आकडेमोड, तुम्ही बघालच ना?

आकडेमोड
टाका. विम्याची ओळ आणि दर किती महिन्यांनी बदलतो ती ओळ दोन्ही दिसू द्या.